१८५२ ची मंगळुरी कौलं आणि माथेरानचा ‘ओसाड’ डोंगर

(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कौलारू

माथेरानच्या एका जुन्या कॉटेजबद्दलची पोस्ट दोन दिवस फिरते आहे. थोडक्यात मजकूर असा: १८५२ साली एका साहेबाने ओसाड डोंगरावर हे घर बांधलं, मूळची मंगळुरी कौलं अजून शाबूत आहेत, पुढे तिथे आलेल्या चार कुटुंबांनी माथेरान वसवलं आणि आता सिमेंटचा पक्का गिलावा देऊन वास्तू ‘जतन’ केली आहे. खाली नुसते हात जोडलेले. कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो.

मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये. त्याच्या तेरा वर्षं आधी ती कौलं माथेरानच्या छपरावर कशी चढली? घर १८५२ चं असेल तर पहिलं छप्पर गवताचं किंवा नळीच्या गावठी कौलांचं असणार. तपासायला सोपं आहे. मंगळुरी कौल उलटं करा, पाठीवर कारखान्याचा छाप असतो. मग वासे बघा. मंगळुरी कौलाला साधारण एक फुटाच्या अंतराने रीप (आडवी लाकडी पट्टी) लागते, गावठी कौलांना खाली दाट बिछाना लागतो, बांबूचा किंवा चिव्यांचा (बारीक बांबूंचा). वाशांवर आजच्या रिपांशी न जुळणारी खिळ्यांची जुनी भोकं दिसली तर छप्पर बदललंय.

आता ‘ओसाड’. ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने वर गेला. वाट त्याने स्वतः पाडली की काय? उतारावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या होत्या, धनगरांच्या म्हशी वर चरायच्या, पिसारनाथाचं ठाणं होतं. पाण्याच्या जागा त्यांना ठाऊक होत्या. साहेबाने फक्त झऱ्याला स्वतःचं नाव दिलं.

पायवाट

कौलांचं साल चुकलं म्हणून अख्खी पोस्ट खोटी? वा. लिहिणाऱ्याने ‘मूळ’ म्हणजे ‘जुनी’ या अर्थाने लिहिलं असेल.

वाड्या उतारावर होत्या हे कुणी नाकारलेलं नाही. माथ्यावर बारमाही वस्ती होती का, एवढंच सांगा. जून ते सप्टेंबर तिथे धुकं आणि पाऊस सोडून काही नसतं. रस्ते, पॉइंट, शार्लोट तलावाचं पाणी, हे सगळं मॅलेट आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळापासून झालं. आणि कुटुंबांचं म्हणाल तर आदमजी पीरभॉय घराणं घ्या. त्यांच्यातल्या अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ मध्ये सोळा लाख खर्चून पायथ्याच्या नेरळहून छोट्या गाडीचे दोन फुटी रूळ वर आणले. ही माणसं वजा करा आणि मग माथेरान दाखवा.

सातबारा

दोघेही कागदाविना भांडताय.

बंगलेवाल्यांपैकी बहुतेक जण जमिनीचे मालक नव्हतेच. भूखंड सरकारी, भाडेपट्ट्याने दिलेले. त्यामुळे बंगल्याचा इतिहास काढायचा तर नावावरून शोधू नका. पट्टा बदलला की नवा धनी पाटी बदलतो. आधी नगर भूमापन क्रमांक घ्या, मिळकत पत्रिका काढा, तीवरचे फेरफार (हक्क बदलाच्या नोंदी) उलट क्रमाने वाचत जा. पट्ट्याची नक्कल अधीक्षक कार्यालयात मागा. त्यामागचं हवं असेल तर मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल विभागाचे खंड आहेत, पण तिथे भूखंडाचा जुना क्रमांक लागतो, आजचा चालत नाही. दोन्ही क्रमांकांचा मेळ घालणारा नकाशा आधी मिळवा, नाहीतर भलत्याच घराचा इतिहास लिहून मोकळे व्हाल. त्या पोस्टवाल्याचं असंच झालं असावं.

आणि एक. ती चार कुटुंबं वर्षाला किती राहायची? दिवाळीचे काही दिवस आणि एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत. बाकी आठ-नऊ महिने घर उघडणारा, शाकारणी करणारा, पावसाळ्यात आत शेगडी पेटती ठेवून गाद्यांना बुरशी येऊ न देणारा माळी आउटहाउसमध्ये राहायचा. त्याची चौथी पिढी आज वर आहे. घोडेवाले, हमाल, बाजारातले दुकानदार, तेही. पट्ट्यावर त्यांचं नाव नाही म्हणून ते ‘वसले’ नाहीत का?

पायवाट

आलं, राजकारण आलं.

दस्तुरी

इतिहास तुमचा तुम्ही बघा. मला कौलारूंच्या त्या सिमेंटवरच्या ‘जतन’च्या टोमण्याबद्दल बोलायचंय. दस्तुरी नाक्याच्या पुढे मालाची गाडी जात नाही. वाळू, विटा, पाणी, सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. चुना लावायचा तर कळी (भाजलेला चुना) भिजवायला टाकी, सुरकी (विटेची भुकटी), चाळण्या, वर गवंडी महिनाभर अडकून. सिमेंटची गोणी फोडली, एकास चार कालवलं, आठवड्यात भिंत उभी. पावसाच्या माऱ्याला नुसता चुना एका हंगामात धुऊन जातो. कुणाचंही घर जाऊन बघा.

चुनखडी

धुऊन जातो कारण लावणाऱ्याला येत नाही.

भिंत जांभ्याची आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की वरची साल कडक होते. ती साल हेच त्याचं चिलखत. तुमचा सिमेंटवाला गिलावा धरावा म्हणून काय करतो? छिन्नीने भिंतभर खाचा पाडतो, म्हणजे आधी चिलखत फोडतो. त्यावर सिमेंटचा थर. जोत्यातून चढणारी ओल जांभा पितो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती सोडू देत नाही. गिलाव्याला बारीक चीर पडते, तिथून पावसाचं पाणी आत शिरतं, बाहेर निघत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या बाजूला लोणा (पांढरे क्षार), पोपडे, आणि बाहेर गिलावा सुटतो तो जांभ्याचा पापुद्रा घेऊनच.

नुसता चुना पश्चिमेच्या भिंतीवर टिकत नाही, हे दस्तुरींचं बरोबर आहे. तिथे सुरकी हवीच. कळीचा चुना भिजवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवायचा, चाळून घ्यायचा. मग चुना एक, सुरकी एक, वाळू दीड ते दोन. सुरकी नीट भाजलेल्या विटेची, आणि वाळूत वरची तांबडी माती मिसळली तर सगळं वाया. सांधे पाऊण इंच खरवडून, भिंत भिजवून, पहिला हात अर्ध्या इंचाच्या आत. तो आवळला की दुसरा. आठ-दहा दिवस ओली गोणपाटं. हे काम दिवाळीनंतर सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपलं पाहिजे, कारण चुना सावकाश घट्ट होतो आणि त्याला पावसाआधी तीन महिने लागतात. मे महिन्यात पाहुण्यांची खोली रिकामी होईना म्हणून जूनच्या तोंडावर चुना लावतात आणि मग ‘धुऊन गेला’ म्हणून बोंबलतात.

जुन्या लोकांनी नुसत्या गिलाव्यावर भिस्त ठेवलीच नव्हती. पावसाआधी उघड्या भिंतींना गवताची नाहीतर झावळ्यांची झड बांधायची. आता झड ‘दिसायला बरी नाही’.

दस्तुरी

झड बांधणारा माणूस आणून द्या, बांधतो. फुकटचे सल्ले देणाऱ्यांनी एकदा मजुरीचा हिशोबही द्यावा. आणि सिमेंट काढा म्हणताय, ते काढतानाच अर्धी भिंत येते त्याचं काय?

चुनखडी

जिथे घट्ट धरलंय तिथे राहू द्या. ठोकून बघा, पोकळ वाजेल तेवढंच हातछिन्नीने काढा, ब्रेकर लावू नका. जोत्यापासून वर तीन फूट मोकळं केलंत तरी ओलीला वाट मिळते. एवढ्याला महिना लागत नाही.

दस्तुरी

तीन फुटांचं जमेल. बाकी तुमचं तुम्ही करा.

माकडउड्या

भिंतीवर एवढं रामायण आणि छपराचं नाव नाही! माथेरानात कौलं पावसाने फुटत नाहीत, माकडांनी फुटतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या मिरवत फिरणाऱ्या पाहुण्यांमुळे टोळ्या छपरावर मुक्कामाला आल्या. एका कौलाचं वजन दोन-अडीच किलो, एक सरकलं की खालची रीप कुजते, रीप गेली की छपराचं अख्खं पाखं (एका बाजूचा उतार) बसतं. लोक पत्रा घालतात तो याच रागाने. वारशाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी माकडांचं बोला.

कौलारू

पत्रा घाला, पण कौलांखाली. वाशांवर पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा आणि कौलं. उभ्या पट्ट्या गाळल्या तर पत्र्यावर उतरलेलं पाणी आडव्या रिपेला तुंबतं आणि ती आधी कुजते. पागोळीकडच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची एक ओळ तांब्याच्या तारेने बांधायची. कौलाला तारेसाठी भोक असतंच. लोखंडी तार वापरू नका, त्या दमट हवेत गंजते आणि कौल सुटलंय हे खाली पडल्यावरच कळतं.

पायवाट

तुम्ही सगळ्यांनी मिळून धागा छपरावर चढवलात. मूळ मुद्दा कुटुंबांचा होता. बरं, १८६५ मान्य. तेरा वर्षं पुढचं कौल मागे नेल्याबद्दल पोस्टवाल्याच्या वतीने साष्टांग दंडवत, झालं समाधान? पण ते रूळ माळ्याने टाकले नाहीत, हेही लिहून ठेवा.

सातबारा

टाकले नाहीत? सोळा लाख पीरभॉयांचे, पण डोंगर फोडला कुणी? आणि रूळ यायच्या आधीचं बघा. कल्याणच्या पुढची खोपोलीपर्यंतची रेल्वे सुरू झाली १८५६ मध्ये. म्हणजे १८५२ च्या घरासाठी नेरळलाही गाडी नव्हती. जांभा वरचाच, पण सागवान, लोखंड, चुना आणि साहेबाचं कपाट पायथ्यापासून डोक्यावरच गेलं. मजुरीच्या नोंदी कुठे सापडल्या तर त्यात गावांची नावं मिळतील.

पायवाट

मिळाली की टाका इथे. तोवर मी ‘चार कुटुंबं’ म्हणणार.

सातबारा

म्हणा. त्या चौघांचे भूमापन क्रमांक तेवढे टाका, फेरफार मी वाचतो.

माकडउड्या

आणि तांब्याची तार माकडं नाही, माणसं चोरतात. त्यावर उपाय आहे का कौलारूंकडे?