मे महिन्यात घर बंद, कुंड्यांना पाणी: ऊनो घेऊ की ईएसपी३२?

गॅलरीतली_तुळस
नमस्कार मंडळी. दर मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जातो. परत येतो तेव्हा तुळस, कढीपत्ता, मोगरा सगळ्यांनी माना टाकलेल्या असतात. यंदा मातीचा ओलावा बघून आपोआप पंप सुरू होईल असं काही करायचंय. सी भाषेत प्रोग्रामिंग थोडंफार येतं, सोल्डरिंग कधी केलेलं नाही. चार कुंड्या आहेत, गॅलरीत वायफाय पोचतं. सेन्सर वाचून पंप चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड कोणता घेऊ, आर्डुइनो ऊनो की ईएसपी३२?

तांब्याची_तार
ईएसपी३२ घ्या. साध्या ऊनोत वायफाय नाही, आणि गावाहून मोबाइलवर ओलावा दिसला की जीव भांड्यात पडतो. प्रोग्राम आर्डुइनोच्याच आयडीईत (कोड लिहून बोर्डवर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिता येतो. दुकानात पिना आधीच सोल्डर केलेला बोर्ड मागा. इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर.

पंपाकडे मात्र नीट लक्ष द्या. माझा बोर्ड पंप सुरू झाला की रीसेट व्हायचा आणि मी दोन रात्री कोडमध्ये चूक शोधत बसलो. सुरू होताना मोटर एकदम करंट ओढते, व्होल्टेज पडतं. पंपाला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या, बोर्ड आणि अडॅप्टर दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) एकत्र जोडा. मध्ये ३.३ व्होल्टवर पूर्ण चालू होणारा मॉसफेट (बोर्डच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि पंपाच्या दोन टोकांना उलटा १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग).

उघड्या दोन काट्यांचा सेन्सर स्वस्त असतो, पण मातीत करंट वाहून काटे गंजतात. कपॅसिटिव्ह (धातू उघडा नसलेला) घ्या, त्याच्या कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या. चार कुंड्यांना ३२, ३३, ३४, ३५ या पिना वापरा. ईएसपी३२च्या काही अ‍ॅनालॉग पिना (सेन्सरचं कमी-जास्त व्होल्टेज मोजणाऱ्या) वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत, या चार येतात.

ठिबक
वरच्याला +१. बादली कुंड्यांपेक्षा खाली ठेवा. वर ठेवली तर पंप थांबला तरी सायफनने पाणी वाहतच राहतं, माझी अख्खी बादली अशीच खालच्या मजल्यावर गेली. पंप एका वेळी २० सेकंदांपेक्षा जास्त चालणार नाही असं कोडमध्ये टाका, दोन वेळांमध्ये तासाभराचं अंतर ठेवा. कारण सेन्सर मातीतून निघाला तर त्याला सगळं कोरडंच दिसतं.

गॅलरीतली_तुळस
खूप आभार! चार पंप घ्यावे लागतील का?

ठिबक
मोगऱ्याला आणि तुळशीला पाणी सारखं लागत नाही, म्हणून चार छोटे पंप बरे. जोडून झालं की तुम्ही घरात असतानाच आठवडाभर चालू ठेवा, मग गावी जा.