गाळ्यावर बोलकी, चाचणीत अंतर्मुख: स्व-संकल्पना आणि व्यक्तिमत्त्व वेगळं कसं ओळखायचं?

सकाळची_पट्टी (कोपरखैरणे):
नमस्कार मंडळी. दूरशिक्षणातून एफवायबीए करतेय, मानसशास्त्र घेऊन. वय विचारू नका, पोरगी नववीत आहे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब बघते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, उधारी वसूल करायची, वजनावरून भांडणं झाली की मधे पडायचं.

स्व-संकल्पनेच्या धड्यात ‘मी... आहे’ हे वाक्य वीस वेळा पूर्ण करायची कृती आहे. मी लिहिलं: माथाडी कामगाराची मुलगी, जावळीकडची सून, आई, थोरली बहीण, आणि असंच पुढे. स्वभावाचं म्हणावं असं एकच वाक्य आलं, तेही पार खाली: ‘मी बुजरी आहे’. नंतर बिग फाइव्हची, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य गुण मोजणारी, प्रश्नावली भरली, त्यातही बहिर्मुखता कमी आली. हे तोलणार काकांना सांगितलं तर ते हसतच सुटले. म्हणाले, “ताई, तुमचा आवाज समोरच्या लाइनीत ऐकू येतो. शेठ उधारी मागायला तुम्हालाच पुढे करतात.”

मग खरं कोणतं? स्व-संकल्पना आणि व्यक्तिमत्त्व या दोन संकल्पना एकच आहेत का? गाइडमध्ये तर दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच दिलीत. आणि वीस वाक्यांत स्वभाव एकदाच आला म्हणजे माझी स्व-संकल्पना कच्ची आहे का?

ठाणे_स्लो:
सोपं आहे. गाळ्यावर मुखवटा, घरी खऱ्या तुम्ही. मीही ऑफिसात वेगळा असतो.

नौपाडा_मास्तर:
ठाणे_स्लो, मुखवटा म्हणायची एवढी घाई नको. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला जितके लोक ओळखतात तितके त्याचे सामाजिक ‘स्व’ असतात. त्यातला घरचा तेवढा खरा, असं तो कुठे म्हणत नाही.

ताई, गाइड बाजूला ठेवा. स्व-संकल्पना म्हणजे तुम्ही स्वतःबद्दल काय मानता. व्यक्तिमत्त्व म्हणजे विचार, भावना आणि वागणं यांची तुमची टिकाऊ धाटणी, तुम्ही ती मान्य करा वा न करा. एक तुमच्या मनातलं वर्णन, दुसरं ज्याचं वर्णन करायचं ते.

घोळ कुठे होतो, तर बिग फाइव्हची प्रश्नावली तुम्ही स्वतः भरता. ‘मी अनोळखी लोकांशी सहज बोलते’ यापुढे खूण करताना तुम्ही स्व-संकल्पनेलाच विचारता. ‘मी बुजरी’ हे वाक्य त्या गुणांकात शिरणारच. म्हणून संशोधक ओळखीच्या माणसांकडूनही तीच प्रश्नावली भरून घेतात. सिमीन वझीर यांनी 2010 मध्ये दाखवलं की आतली चिंता, अस्वस्थता स्वतःला जास्त बरोबर कळते, बुद्धीचा अंदाज मात्र मित्रांचा सरस ठरतो. बोलकेपणा उघड्यावर असतो, तो सगळ्यांनाच दिसतो. म्हणजे काकांचं हसणं हा पुरावाच आहे, फक्त एकाच जागेचा. वॉल्टर मिशेलचा 1968 मधला आक्षेप हाच होता: एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं सांगता येत नाही. काकांनी तुम्हाला सासरच्या लग्नात कुठे पाहिलंय?

मला यातलं खरं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. इतकी वर्षं उधारी वसूल करूनही ‘बुजरी’ हा शब्द हलला कसा नाही? डॅरिल बेमच्या 1972 च्या मांडणीप्रमाणे आपण स्वतःचं वागणं पाहूनही स्वतःबद्दल मत बनवतो. मग तुमचं मत बदलायला हवं होतं. इथे कार्ल रॉजर्स कामी येतो. स्व-संकल्पनेशी न जुळणारा अनुभव आपण नाकारतो किंवा त्याचा अर्थ वळवून घेतो. ‘ते काय, काम आहे’ असं तुम्ही मनात म्हणत असणार. बरोबर ना?

सकाळची_पट्टी:
अगदी हेच शब्द, सर! लहानपणी पाहुणे आले की मी आत पळायचे, तेव्हापासून घरात सगळे बुजरीच म्हणतात.

घणसोलीची_एमए:
तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं म्हणून लिहिते. ती वीस वाक्यांची चाचणी कुह्न आणि मॅकपार्टलंड यांची, 1954 ची. सून, आई, बहीण ही उत्तरं कच्ची अजिबात नाहीत. मार्कस आणि कितायामा यांनी 1991 मध्ये परस्परावलंबी ‘स्व’ मांडला, त्यात नातीच केंद्रस्थानी असतात. पण पेपरात ‘भारतीय म्हणून असं’ एवढ्यावर सोडू नका, परीक्षक कंटाळलेत त्या वाक्याला. चाचणी कुठे बसून भरली हेही पाहा. घरी, स्वयंपाक उरकून भरलीत ना? गाळ्यावर भरली असती तर यादी दुसरी आली असती.

सकाळची_पट्टी:
घरीच भरली होती. आता काकांकडून आणि धाकट्या बहिणीकडून माझ्याबद्दलची प्रश्नावली भरून घेतली. काकांच्या हिशेबाने मी भरपूर बहिर्मुख, बहिणीच्या हिशेबाने मधेच कुठेतरी. आता जर्नलमध्ये तिन्ही गुणांकांची सरासरी काढून लिहू का?

नौपाडा_मास्तर:
सरासरी नको, त्याने फरकच पुसला जाईल. तिन्ही वेगवेगळे लिहा आणि कोणी तुम्हाला कुठे पाहिलंय ते चर्चेत मांडा. आणि काकांचं नाव घालू नका. ‘सहकारी, पुरुष’ आणि वय, एवढंच पुरे.