फ्रीझरमधलं पीठ म्हणजे शिळं? मला नाही पटत

जळगावची_सून: काल इथे एकीने लिहिलं की मळलेलं पीठ गोठवून आठवड्याने पाव भाजणं म्हणजे घरच्यांना शिळं खाऊ घालणं, आणि तो फुगतही नाही. वाचून राहवलं नाही. उणे १८ अंशाला पीठ ना आंबत ना सडत. फुगत नाही कारण बायका पीठ आधी फुगवून मग फ्रीझरात टाकतात. मळलं की लगेच चपटे गोळे करून गोठवायचे, यीस्ट जरा जास्त घालायचं कारण थंडीत थोडं मरतंच, महिन्याच्या आत वापरायचं. आणि काढल्यावर रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवायचं, ओट्यावर अजिबात नाही! मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ अंशात वरचं पीठ आंबून ओघळतं आणि बोट खुपसलं तर मधे बर्फ लागतो. नोकरीवरून येऊन रोज कणीक तिंबत बसायचं का?

धुळेकर_भाऊ: ताई, फ्रीझर चालायला लाइट लागते. आमच्या गावात उन्हाळ्यात दुपारी गेली की संध्याकाळीच येते. अर्धं वितळून पुन्हा गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात, पिठाची लवचिकता जाते. पोरीने तसला पाव भाजला, वीट झाली नुसती. त्यापेक्षा ताजी बट्टी मळा, गोवऱ्यांच्या आरात भाजा, काही फ्रीझर लागत नाही.

भुसावळकर: गोवऱ्यात?? भाऊ ती राजस्थानी बाटी झाली. खान्देशी बट्टी म्हणजे भरड गहू-मका, ओवा, हळद, वाफवायची, काप करायचे आणि तुपात तळायची.

धुळेकर_भाऊ: आमच्या आजोबांपासून शेतात गोवऱ्यावरच होते. तुम्ही ठरवणार का खान्देश कुठला ते?

भुसावळकर: ठरवत नाही हो, पण पंगतीला कोण गोवऱ्या पेटवतं? घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर तळलेलीच लागते.

चोपडेकरीण: आमच्याकडे दोन्ही होतात, रानात गोवऱ्यावर, घरी तळून. भांडा आता.

धुळेकर_भाऊ: तळलेलीला धुराचा वास येतो का सांगा. तुपात काहीही तळलं तर चांगलंच लागतं, त्यात बट्टीचं काय कौतुक!

जळगावची_सून: अहो विषय पिठाचा होता! बट्टीचंच घ्या मग. सोडा घातलेलं कच्चं पीठ गोठवू नका, सोडा ओला झाला की त्याचा जोर कमी होत जातो. वाफवून, काप करून गोठवा, आणि तळताना पूर्ण सुटू द्या, बर्फ राहिला तर तूप अंगावर उडतं.

चोपडेकरीण: नानकटाईचं मी सांगते. दिवाळीत भट्टीवर डबे घेऊन रांगेत उभं राहायचं, नंबर लागेपर्यंत पीठ उन्हात पातळ. आता गोळे आधीच गोठवते. त्यात पाणी नाही, नुसतं तूप-साखर-मैदा, मग बर्फ धरणार कशाला? भाजल्यावर तशीच खुसखुशीत.

धुळेकर_भाऊ: नानकटाईचं मान्य. वाफवलेल्या बट्टीचंही असेल बुवा. पण पावाचं लाइट असणाऱ्यांनी करावं, आमच्याकडे आताही गेलीये, मोबाइलवरून लिहितोय. आणि बट्टी गोवऱ्यावरचीच.

भुसावळकर: तळलेलीच!! या रविवारी भुसावळला, खाऊन मग बोला.