मदत हवी आहे : मोटर न्यूरॉन आजारात आवाजाची तपासणी मराठीतून कुठे होते?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे. बाबांना एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉनचा (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा) आजार आहे, आणि सुरुवातच बोलण्यापासून झाली. 'ट', 'ड' नीट उमटत नाहीत, आवाज नाकातून येतो, लांब वाक्यात मधेच दम लागतो. फोनवर आत्यालाही आता समजत नाही.

डॉक्टरांनी आवाजाचं विश्लेषण करून घ्या म्हटलंय. 'आ' एका दमात किती सेकंद टिकतो, 'प-त-क' किती भरभर म्हणता येतं, वाचताना कुठे-किती थांबतात, हे रेकॉर्डिंगवरून मोजतात. कानाला न जाणवलेला बदलही आकड्यांत दिसू शकतो. पण इथे वाचायला उतारा मिळाला कन्नड! बाबांची शाळा मराठी, कन्नड बाजारापुरतं. मग अडखळले ते आजारामुळे की भाषेमुळे, कसं ठरवायचं?

बेळगाव, कोल्हापूर, हुबळीकडे मराठीतून तपासणारे स्पीच थेरपिस्ट कुणाच्या माहितीत आहेत का? म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत कुणी गेलंय का? घरी मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर फोन तोंडापासून किती लांब ठेवायचा? आणि आवाज आत्ताच साठवून पुढे यंत्रातून त्याच आवाजात बोलता येतं म्हणतात, ते मराठीत कुणी केलंय का? बाबा अजून बोलताहेत तोवरच हे व्हायला हवं, म्हणून कृपया लवकर कळवा.