नव्या घराला किमान क्षेत्रफळाची अट कशासाठी?

प्रश्न

आम्ही पती-पत्नी निवृत्त झालो असून स्वतःच्या भूखंडावर सुमारे ४५० चौरस फुटांचे घर बांधण्याचा आमचा विचार आहे. आराखडा तयार आहे आणि त्यात हवा-उजेडाची सोय नीट केलेली आहे. परंतु परवान्याची चौकशी केली तेव्हा, त्या विभागात नवे घर ८०० चौरस फुटांपेक्षा लहान बांधता येणार नाही, असे सांगण्यात आले. इमारतीच्या उंचीवरची मर्यादा किंवा चारही बाजूंना सोडायचे सामासिक अंतर मी समजू शकते, कारण त्यात शेजाऱ्यांचा उजेड आणि वारा गुंतलेला असतो. आमचे घर लहान राहिल्याने कोणाचे काय अडते, हे मात्र मला कळत नाही. या अटीमागे आरोग्याचा विचार आहे की आणखी काही?

प्रतिसाद १

या अटीचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. खोली किती मोठी असावी हे बांधकाम संहिता ठरवते. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या निवासी संहितेत राहण्याच्या खोलीला किमान ७० चौरस फूट लागतात; घरात एक तरी खोली १२० चौरस फुटांची असावी, ही जुनी अट २०१५च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली आणि २०१८च्या आवृत्तीत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले. म्हणजे सुरक्षिततेचा विचार करणाऱ्यांना लहान घर धोक्याचे वाटत नाही.

संपूर्ण घराचे किमान क्षेत्रफळ ठरवणारी अट मात्र बहुधा झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या भागात काय आणि कसे बांधावे हे ठरवणाऱ्या स्थानिक नियमांत असते. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील वेन या टाउनशिपने (स्थानिक स्वराज्य संस्थेने) एकमजली घरासाठी ७६८ चौरस फूट ठरवले होते आणि १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. त्या आकड्याचा घरात राहणाऱ्यांच्या संख्येशी काहीही संबंध नव्हता: एकट्या माणसालाही तेवढेच आणि सहा जणांच्या कुटुंबालाही तेवढेच. १९७९ साली बर्लिन टाउनशिपच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने भूमिका बदलली आणि राहणाऱ्यांच्या संख्येशी वा अन्य सयुक्तिक कारणाशी न जोडलेली अशी अट रद्द ठरवली. मला हा फरक निर्णायक वाटतो. माणसांशी न जोडलेला आकडा घराचे आरोग्य राखत नाही. तिथे घर बांधणे कोणाला परवडावे, एवढेच तो ठरवतो.

प्रतिसाद २

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. शाळा, रस्ते, मलनिस्सारण यांचा खर्च जिथे मालमत्ताकरातून भागतो, तिथे घराचे मूल्य कमी म्हणजे कर कमी आणि सेवांचा खर्च तेवढाच, ही स्थानिक संस्थेची चिंता खोटी नाही. शिवाय किमान मर्यादा नसेल तर त्याचा गैरफायदा घेणारे असतात. इंग्लंडमध्ये कार्यालयांच्या इमारतींतून अत्यंत अपुऱ्या सदनिका काढल्या गेल्या, म्हणून अशा रूपांतरांनाही २०२१पासून राष्ट्रीय जागा-मानक लागू करावे लागले. त्या मानकानुसार एका माणसाला ३९ आणि एका शयनकक्षाच्या एकमजली घरात दोघांना ५० चौरस मीटर जागा हवी. आपले ४५० चौरस फूट म्हणजे जेमतेम ४२ चौरस मीटर. तिथेही ते दोघांसाठी अपुरेच ठरले असते.

प्रतिसाद ३

इंग्लंडचे उदाहरण योग्य आहे, पण ते मानक माणसांच्या संख्येनुसार बदलते, हे विसरू नये. दुसऱ्याने बांधलेल्या घरात नाइलाजाने राहणाऱ्या भाडेकरूला संरक्षण देणे वेगळे आणि स्वतःच्या पैशाने, समजून-उमजून लहान घर बांधणाऱ्याला अडवणे वेगळे. करांच्या मुद्द्याबाबत म्हणायचे तर, दोन निवृत्त माणसे शाळेवर कोणताच भार टाकत नाहीत. क्षेत्रफळाची अट लावताना मात्र याचा विचार होत नाही.

ताईंनी प्रथम नियमाची मूळ प्रत मागून घ्यावी आणि तोंडी उत्तरावर थांबू नये. ८०० हा आकडा चटईक्षेत्राचा आहे की बाहेरच्या भिंतींसह मोजलेल्या क्षेत्राचा, आणि व्हरांडा, पोटमाळा, तळघर त्यात धरले जातात का, हे व्याख्यांच्या प्रकरणात दिलेले असते. पुष्कळदा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. अट झोनिंगची नसून वसाहतीच्या खरेदीखतातील करारातून आलेली असेल, तर परवाना देणारे कार्यालय ती शिथिल करू शकत नाही, म्हणून खरेदीखतही तपासावे. झोनिंगचीच असेल तर सवलतीसाठी अर्ज करता येतो; मात्र तिथे सहसा भूखंडाची अडचण ग्राह्य धरतात, अर्जदाराची आवड नव्हे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. खरेदीखतात अशी कोणतीही अट नाही. नियमाची प्रत मिळाली असून त्यात मोजणी बाहेरच्या भिंतींपासून आहे आणि छत असलेला, तीन बाजूंनी बंद व्हरांडा क्षेत्रफळात धरला जातो. तरीही आम्हाला साधारण २०० चौरस फूट कमीच पडतात. आमचा भूखंड एका टोकाला निमुळता असल्याने सामासिक अंतर सोडल्यावर बांधण्याजोगी जागाच मर्यादित उरते. सवलतीच्या अर्जात तोच मुद्दा नकाशासह मांडणार आहोत.