मदत हवी आहे: फ्रीलान्स सोडून पूर्णवेळ नोकरी, पगार किती सांगू?

कोरापाट
शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ज्या विषयात मनापासून काम करायचं होतं, त्यातल्याच एका संस्थेची पूर्णवेळ ऑफर आली आहे. त्यांनी अपेक्षित पगार विचारलाय. वर्षभराच्या बिलांची बेरीज करून १२ने भागलं, तर येणारा आकडा त्यांना झेपेलसं दिसत नाही. कमी सांगायचा तर किती कमी? आणि हातातले क्लायंट कसे सोडायचे? 'मनाचं ऐका' छाप सल्ले कृपया नकोत.

त्रैराशिक
बिलांची बेरीज ही उलाढाल झाली, कमाई नव्हे. सॉफ्टवेअर, उपकरणांचा घसारा, विमा, हिशेबनिसाची फी, बुडालेली बिलं हे सगळं आधी वजा करा. मग तास मोजा आणि त्यात प्रस्ताव लिहिणं, फुकटच्या दुरुस्त्या, पैशांसाठी पाठपुरावा हेही धरा.

समजा दर ताशी १०० आहे. आठवड्याला काम ४० तास, बिल होतं २५ तासांचं. म्हणजे खरा दर ६२.५. बिलाच्या २० टक्के खर्च गेला की उरतात ५०. वर्षाला ४६ आठवडे काम धरलं तर १८४० तास, म्हणजे ९२,०००. पगाराची तुलना या आकड्याशी करा (दोन्ही करापूर्वीचे). भरपगारी रजा आणि मालकाचा विम्यातला, निवृत्तीनिधीतला वाटा पगाराच्या बाजूला मिळवा. १००च्या दराने २०८० तासांचा गुणाकार केलात तर बोलणी तिथंच संपतील.

शंकासुर
काम कुठलं? क्लायंट रिटेनरवर (दरमहा ठरलेल्या रकमेच्या करारावर) की सुटे? ऑफर लेखी की तोंडी? पद कायम आहे की कंत्राटी? हे कळल्याशिवाय आकडा कोण सांगणार?

मुक्तछंद
क्लायंट मिळत नसतील तर दर उतरवू नका. एकच विषय निवडा, त्यातले चार उत्तम नमुने संकेतस्थळावर ठेवा आणि जुन्या क्लायंटकडून ओळखी मागा. नोकरीची गरजच उरणार नाही.

कोरापाट
@मुक्तछंद, क्लायंट भरपूर आहेत. प्रश्न तो नाहीच.
@शंकासुर, लेखन-संपादन. दोन रिटेनर, बाकी सुटी कामं. ऑफर लेखी आहे. पत्रात पदासोबत एका प्रकल्पाचं नाव आहे, कायम-कंत्राटी असं काही लिहिलेलं नाही.

शंकासुर
अहो, मग मुख्य मुद्दा तोच! प्रकल्पाचं नाव असेल तर पगार बहुधा त्या प्रकल्पाच्या अनुदानातून निघणार. असं अनुदान ठरलेल्या कामावर, ठरलेल्या मुदतीतच खर्च करता येतं. मुदत संपली की संस्थेची इच्छा असूनही पगाराला पैसे नसतात. लेखी विचारा: पद कुठल्या निधीतून आहे, तो कधी संपतो, मुदतवाढीचा निर्णय किती आधी कळतो, वाढ झाली नाही तर नोटीस किती? सोबत वार्षिक अहवाल मागवा. बहुतेक पैसा एकाच देणगीदाराकडून येत असेल तर त्याने हात आखडता घेतल्यावर काय होईल, हेही विचारा.

रोखठोक
शंकासुर यांना अनुमोदन. आणि कामाला अर्थ आहे म्हणून पगारात सूट देऊ नका. प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांवरचा बंडरसन आणि थॉम्पसन यांचा २००९चा अभ्यास हेच सांगतो. जे कामाला जीवितकार्य मानतात ते त्यासाठी पैसा आणि सोय सोडायला तयार असतात, आणि त्याचाच गैरफायदा घेतला जाऊ शकतो.

पिंपळपान
त्याच अभ्यासात हेही आहे की त्यांना काम जास्त मोलाचं वाटतं. अर्धंच का सांगता? थोडी सूट द्यायला हरकत नाही, पण बदल्यात काहीतरी मागून घ्या: आठवड्याचे तास, घरून काम, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार. सगळं पत्रात. आणि रोजच्या कामाची यादी मागा. संस्थेचं ध्येय कितीही मोठं असो, दिवसभर अहवालांचे तक्तेच भरायचे असतील तर मन रमणार नाही.

रोखठोक
फेरविचार म्हणजे वाढ नव्हे. अनुदानाच्या अंदाजपत्रकात पगाराचा आकडा आधीच बसवलेला असतो, मध्येच तो हलवणं अवघड. जे मागायचं ते आत्ताच मागा.

त्रैराशिक
क्लायंटांचं राहिलं. रिटेनरच्या करारात नोटीस किती आहे ते बघा. रुजू होण्याची तारीख त्यातल्या सर्वांत लांब मुदतीनंतरची घ्या आणि सही होईपर्यंत कुणालाही कळवू नका. सही झाली की नवं काम बंद, चालू कामांची तारखेवार यादी क्लायंटला. शेवटचं बिल अंतिम फायली देण्याआधी वसूल करा, नंतर तगादा लावायला वेळ उरत नाही. आगाऊ घेतलेले पैसे उरले असतील तर परत करा. संपादनाची शैलीपत्रकं (प्रत्येक क्लायंटसाठी ठरलेले भाषेचे नियम) आणि पासवर्ड हस्तांतरित करून पोच घ्या.

नोकरीच्या करारात दोन कलमं तपासा: बाहेरच्या कामाला बंदी, आणि तुमच्या लेखनाची मालकी. 'कर्मचाऱ्याचं सर्व लेखन संस्थेचं' असं मोघम वाक्य असेल तर आधीच्या लेखनाची यादी परिशिष्ट म्हणून जोडा.

मुक्तछंद
अवांतर: शैलीपत्रक तक्त्यात ठेवावं की साध्या दस्तऐवजात? तक्त्यात शोधायला सोपं जातं.

कोरापाट
निधी आणि मुदतीचा ईमेल आत्ताच पाठवला. एका रिटेनरची नोटीस ६० दिवसांची आहे, संस्थेला मात्र ३० दिवसांत माणूस हवाय. आता?

शंकासुर
करारात परस्पर संमतीने लवकर मुक्त होण्याची सोय आहे का ते बघा. नसेल तर संस्थेला पहिला महिना अर्धवेळ, अर्ध्या पगारावर सुचवा, आणि तेवढ्यापुरती बाहेरच्या कामाची सवलत पत्रात लिहून घ्या.