जेरोम मिलरनी सुधारगृहं बंद केली, मग मुलं गेली कुठे?

पाऊलवाट
एमएसडब्ल्यूच्या सेमिनारला जेरोम मिलर हा विषय आहे. अमेरिकन हवाई दलात सायकियाट्रिक सोशल वर्कर, नंतर ओहायो स्टेटमध्ये प्राध्यापक, आणि १९६९ पासून मॅसॅच्युसेट्सच्या युवा सेवा विभागाचे आयुक्त, इथवर सापडलं. पण १८४८ साली सुरू झालेलं लायमन स्कूल (मुलग्यांचं सुधारगृह) त्यांनी १९७२ मध्ये बंद केलं तेव्हा आतली मुलं नेमकी कुठे गेली? पैसा कुठून आला? आणि आपल्या निरीक्षणगृहांशी तुलना चालेल का?

जुनी_फाइल
मिलर आल्या आल्या बंद करायला निघाले नव्हते. आधी आतूनच सुधारणा करून पाहिली: डोकी भादरणं बंद, रांगेतली सक्तीची शांतता बंद, स्वतःचे कपडे घालायला परवानगी. कर्मचाऱ्यांनी उघड विरोध केला नाही, नुसतं दुर्लक्ष केलं. मुलं पळून गेली की 'बघा, ढिलाई केली की असं होतं' म्हणायला मोकळे. चांगली कॉटेजही (सुधारगृहातली मुलांची राहण्याची घरं) आयुक्त बदलला की पहिल्यासारखी होते, हे तिथे कळलं. १९७० मध्ये ब्रिजवॉटरचं सुधारगृह बंद झालं, मग शर्लीचं आणि लायमन.

जानेवारी १९७२ मध्ये लायमनची मुलं मोटारींच्या ताफ्यातून अ‍ॅम्हर्स्टला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वसतिगृहात नेली. तिथे साधारण शंभर मुलं महिनाभर राहिली, सोबतीला विद्यार्थी. त्या महिन्यात एकेकाची सोय लावायची होती: स्वतःचं घर, पालक-कुटुंब, नाहीतर छोटं ग्रुप होम. आता 'टप्प्याटप्प्याने बंद करा' म्हणणं सोपं आहे. पण रिकामी खाट दिसली की न्यायाधीश तिथे मूल पाठवतातच.

हिशेबनीस
पैशाचं सांगतो. संस्थेत एका मुलावर वर्षाला सुमारे १० हजार डॉलर जात. एवढ्यात त्याला नामांकित खासगी शाळेत घालता येईल, हा मिलरचा लाडका मुद्दा. अडचण अशी की हा खर्च मुलामागे नव्हता, इमारत आणि पगारामागे होता. सिव्हिल सर्व्हिसच्या (सरकारी नोकरीच्या) संरक्षणामुळे कर्मचारी काढता येईनात, म्हणजे मुलं गेली तरी पगार चालूच. दोन्हीकडचा खर्च एकदम आला. ती फट केंद्राच्या गुन्हे-नियंत्रण निधीने काही काळ बुजवली. नव्या सेवा खासगी ना-नफा संस्थांकडून करारावर घेतल्या. सरकारी नोकरभरती नाही, त्यामुळे न चाललेला करार थांबवता येत होता. मात्र इतक्या घाईत केलेल्या करारांवर देखरेख कच्ची राहिली, आणि बिलंही वेळेवर निघेनात.

पाऊलवाट
आणि पुन्हा गुन्ह्यांचं प्रमाण घटलं, हे लिहू ना?

तिसरी_बाजू
असं सरसकट लिहू नका. हार्वर्डच्या लॉइड ओहलिन यांच्या गटाने तपासलं, तर राज्यभर मिळून सुधारणा दिसली नाही. जिथे पर्यायी सेवांचे प्रकार भरपूर होते, त्या भागांत निकाल बरे होते. म्हणजे नुसतं कुलूप लावून भागत नाही.

तुलना निरीक्षणगृहाशी नको. तिथे चौकशी चालू असतानाची मुलं असतात. लायमनचं नातं आदेशानंतरच्या विशेष गृहाशी. (वयाने जवळचं हवं असेल तर मुंबईत माहीमचं डेव्हिड ससून सुधारगृह १८५७ चं.) २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १८ बघा: समुपदेशन, समाजसेवा, प्रोबेशन हे पर्याय तिथेच आहेत, विशेष गृह कमाल तीन वर्षं. गाडी अडते सामाजिक तपास अहवालात, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीबद्दल प्रोबेशन अधिकारी देतो त्या अहवालात. तो पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत यायला हवा. 'घरची परिस्थिती हलाखीची, संगत वाईट' एवढंच लिहून आला तर बाल न्याय मंडळापुढे पर्याय कुठला राहतो?

मिलरनी १९७७ मध्ये काढलेल्या संस्थेचं काम इथे उपयोगी पडेल. प्रत्येक आरोपीसाठी स्वतंत्र आराखडा न्यायालयापुढे ठेवायचा: राहणार कुठे, रोज देखरेख कोण करणार, काम किंवा शाळा कुठली, नुकसानभरपाई कशी. जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव पाहिजे. 'नातेवाईक' एवढं लिहून भागणार नाही.